जगतापकाकांची सही

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा उठून कपाटं आवरत बसले. आज एकदाचं उरकते — पण थांबा. 'उरकते' ह्याच शब्दाने माझा घात केलाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्यात तेव्हा जो तो कारखानदार कॉम्प्युटर घेत सुटला होता. तो कशासाठी, हे ठरवायला आम्ही! सयाजीगंजात एका खमणवाल्याच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. माझं काम विचारायचं. कारखान्यात जाऊन माणसांसमोर बसायचं, ते काय करतात, कसं करतात, वहीत लिहायचं आणि मग सगळ्याचा इंग्रजीत दस्तऐवज बनवायचा. त्यावर त्या माणसांची सही झाली की प्रोग्रॅम लिहायला सुरुवात. सोपं वाटतं ना? मलाही वाटायचं.

नंदेसरीच्या एका कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात जगतापकाका माल रवाना करायचं खातं सांभाळत. त्यांचे आजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते. "आम्ही आता पिंपांची फौज पाठवतो," म्हणून स्वतःच हसायचे. तिथे सगळ्यांची मी 'बेन', काकांची तेवढी 'ताई'. डब्यातली अर्धी पोळीभाजी न विचारता माझ्यापुढे सरकवायचे. मला भूक असायची, आणि लाजही वाटायची नाही.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, एक वात बराबर लिहून घ्या. गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल सीधा साठ्यात नाही घ्यायचा. लॅबची चिठ्ठी आली की मगच." अशा पिंपांवर ते खडूने फुली मारून ठेवत. मी लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

मग दस्तऐवज बनवताना — इथे मी 'विसरले' म्हणू शकते. कोण तपासणार आहे? पण विसरले नव्हते. परत आलेल्या मालाचा हिशेब वेगळा ठेवायचा म्हणजे आणखी आठवडाभराचं काम होतं, आणि आमच्या ऑफिसच्या मालकांनी कारखान्याला सोमवारचा शब्द देऊन ठेवला होता. मी ते सरळ गाळलं. पुढे कधीतरी घालू म्हटलं.

सोमवारी काकांनी साठ पानं उलटली. इंग्रजी त्यांना जेमतेम, आकडे वाचायचे.

"ताई, ते परत आलेल्या मालाचं लिहिलंत ना?"

"हो, काका."

"मग झालं. आपलं माणूस आहे, वाचायचं काय त्यात!" आणि पानापानावर त्यांनी सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर नीट काढून.

इतकंच असतं तर मी आज लिहायला बसले असते का? कामचुकारपणा कोण करत नाही?

प्रोग्रॅम सुरू झाला. कुठली पिंपं पाठवायची, त्याची चिठ्ठी आता मशीन काढायचं. काकांनी खडू ठेवून दिला. मशीन लॅबचं बघतंय असंच त्यांना वाटत होतं. का नाही वाटणार? मीच 'हो' म्हटलं होतं. काही महिन्यांनी परत आलेली आठ पिंपं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली, त्याचं कापड वाया गेलं, आणि कारखान्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तुटलं.

कारखान्याच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. माझे मालक घामाघूम झालेले. मी दस्तऐवज पुढे केला — बघा, असा मुद्दाच नाही, आणि खाली ह्यांची सही आहे. मला अजून माझा तो आवाज ऐकू येतो. किती नीट बोलत होते मी!

काका म्हणाले, "साहेब, में तो बेनने कह्युं हतुं." मी तर बेनना सांगितलं होतं, म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांची 'बेन' झाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. तारखेसकट, दोन रेघांसकट. नुसती काढायची होती. नोकरी गेली असती, दुसरी मिळाली असती. मी म्हणाले, "ना साहेब, आवुं तो एमणे कोई दिवस कह्युं ज नथी." कधीच सांगितलं नाही, म्हणाले. एका दमात, अडखळलेसुद्धा नाही.

काकांनी वाद घातला नाही. 'वही दाखवा' असं म्हणता आलं असतं, म्हणाले नाहीत. खाली बघत एवढंच बोलले, "सही तो मारी ज छे." सही तर माझीच आहे.

त्यांना फाटकाजवळच्या वजनकाट्यावर टाकलं. तिथे ट्रक मोजत ते निवृत्त झाले. पुढे वर्षभर मी त्या फाटकातून जात होते. काका उठून नमस्कार करायचे. मी घाईत असल्यासारखी मान हलवून आत जायची. वहीतलं ते पान साहेबांपुढे बोलले त्याच संध्याकाळी मी फाडून टाकलं होतं. मालकांनी माझा पगार वाढवला. पुढे हाताखाली माणसं आली, त्यांना मी वर्षानुवर्षं शिकवत राहिले — सही घ्या, सही असली की आपण वाचतो. ती माना डोलवायची, लिहून घ्यायची.

मालक घाईत होते, मी चोवीस वर्षांची होते, घरात माझाच पगार येत होता. सगळं खरं आहे. पण साहेबांनी विचारलं तेव्हा ह्यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त त्या खोलीतून सुटायचं होतं.

जगतापकाकांनी सांगितलं होतं. दोनदा. पहिल्यांदा मी लिहून घेतलं, दुसऱ्यांदा 'हो' म्हटलं.