आपणांस विनंती

आमचे थोरले साडू ज्या दिवशी शिक्षक झाले, त्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातल्या निदान निम्म्या शिव्या बेकार झाल्या, असं माझं ठाम मत आहे. बेंबळीच्या पुढं एका लहान गावात ते जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत आणि पहिलीतल्या, नाक पुसता न येणाऱ्या पोरालासुद्धा 'अहो' म्हणतात. पोरालाच काय, शाळेची रोपं खाणाऱ्या शेळीलाही "तुम्ही जरा तिकडं चरता का?" असं विचारताना मी त्यांना पाहिलं आहे. त्यांचा राग व्याकरणावरून ओळखावा लागतो. साधं बोलणं 'तुम्ही'त चालतं. पारा चढला की 'आपण' येतं. आणि कानशिलं तापली की हात जोडून म्हणतात, "आपणांस विनंती आहे." त्या विनंतीला चौथीतली दांडगी पोरंही मुळूमुळू रडायला लागतात. एकानं शेजाऱ्याचं दप्तर हापशाखाली धरून भिजवलं, तेव्हा साडू एवढंच म्हणाले, "हे आपण केलंत? वा." पोरगं त्या दिवशी घरी जाऊन जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई पदर खोचून शाळेत हजर. "सर, दोन थापडा हाणा, पर लेकराला 'आपण' म्हणू नका. घरी येऊन त्ये कुत्र्याला बी 'आपण आपण' करायलंय." साडूंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ती आणखीच चिडून गेली. आमच्या मेव्हणीबाईंचं दुःख वेगळं. त्या म्हणतात, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मनासारखं भांडण एक झालं नाही. टाळीला दोन हात लागतात आणि ह्यांचे दोन्ही जोडलेले.

या जोडलेल्या हातांची परीक्षा झाली तेव्हा मी तिथंच होतो. दिवाळी होऊन शाळा नुकतीच भरली होती आणि मी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. बघतो तर शाळेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीचं भलं मोठं गोल रिंगण, धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर, आणि चहूकडे पोलीस. कुणी मोठे पुढारी सभेला येणार होते आणि त्यांचं हेलिकॉप्टर तिथं उतरणार होतं. निरोप आला तोवर पोरं शाळेत येऊन बसली होती; घरी सोडावीत तर आईबाप रानात, दारांना कुलपं. शाळेतल्या दुसऱ्या सरांना सभेच्या तयारीला नेलेलं. पहिली ते पाचवीची सगळी फौज एका खोलीत आणि सेनापती आमचे साडू. फौजदारांनी बजावलं होतं, "गुरुजी, एक बी पोरगं रेघेच्या आत दिसायला न्हाय पायजे. पंख्याच्या वाऱ्यानं पत्रे उडतेत, लेकराचं काय घेऊन बसलाव."

साडू माझ्याकडं वळले. "आपण जरा दारात उभे राहता का?" मला 'आपण' म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं की माणूस भेदरला आहे.

मग सुरू झाला तमाशा. रस्त्यानं मोटारसायकल गेली की वर्ग ओरडायचा, "आलं!" गिरणी सुरू झाली, "आलं!" माझा फोन थरथरला, तरी "आलं!" अख्ख्या पाचवीला एकदमच लघवी लागली. तिसरीतली पोरं बाकावर चढली, चौथीतली खिडकीच्या गजांना वटवाघळासारखी लटकली. साडूंनी पाढे म्हणायला लावले. सतराच्या पाढ्यात निम्मा वर्ग हवेत होता. 'आपण' झालं, 'विनंती' झाली, 'नम्र विनंती' झाली. एकानं बोट वर करून विचारलं, "सर, हेलिकॉप्टरला 'अहो' म्हणायचं का 'अरे'?" साडू घाम पुसत म्हणाले, "आधी ते उतरू द्या, मग ठरवू."

आणि ते खरंच आलं. खिचडीच्या खोलीचे पत्रे थडथडले, फळा हलला, धुळीचा लोट खोलीत शिरला. सगळे खिडकीला. मीही, खोटं कशाला सांगू, मान वर करून उभा. तेवढ्यात माझ्या काखेखालून काहीतरी सटकलं. दुसरीतली शिवानी. इतरांना हेलिकॉप्टर बघायचं होतं. हिला त्याला हात लावायचा होता. लाल रिबिनी उडवत पोरगी सरळ फक्कीच्या रेघेकडं निघाली, आणि वरून ते धूड खाली यायलेलं.

"अगं ए शिवे! थांब की! मरायला चाललीस का?"

आवाज कुणाचा हे मला क्षणभर कळलं नाही. पोरगी जागच्या जागी खिळली. साडू धोतराचा घोळ... छे, पँटच घालतात ते, पण धावले मात्र तसेच, आणि तिला काखोटीला मारून घेऊन आले. मागं पुढारी उतरले, हार पडले, घोषणा झाल्या. वर्गातल्या एकाही पोरानं तिकडं पाहिलं नाही. सगळे सरांकडं बघत होते.

"सर 'अगं' म्हणले," कुणीतरी कुजबुजलं.

शिवानीला बाकावर बसवून साडू तिच्यासमोर उभे राहिले आणि सवयीनं हात जोडले. "माफ करा, मी आपल्याला..."

इतका वेळ न रडलेली पोरगी आता हुंदके द्यायला लागली. "'आपण' नका म्हणू, सर. मघाचं म्हणा."

"कुठलं?"

"मरायला चाललीस का म्हणलाव, त्ये. माझे पप्पा तसंच म्हणतेत."

तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते. पोरगी चुलतीकडं राहत होती. साडूंनी फळ्याकडं तोंड केलं आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला. मग पाठमोरेच म्हणाले, "बस गं गप. पाढा म्हण." आणि तिनं सतराचा पाढा न चुकता म्हटला. लगेच पोरांचा गलका उठला, मला बी म्हणा, मला बी म्हणा. त्यांना मात्र 'आपणांस विनंती'च मिळाली. उन्हाळा लागेपर्यंत शाळेत 'अगं' तिला एकटीलाच होतं.

ऊस संपला आणि तिचे आईबाप परत आले. त्या सकाळपासून साडूंनी तिला इतरांसारखं 'तुम्ही' सुरू केलं. 'मरायला चाललीस का' म्हणायला आता तिचे पप्पा घरी होते. परवा पुन्हा त्या शाळेत गेलो होतो. "शिवानीताई, पुढं या तुम्ही," ते म्हणाले, आणि ती ऐटीत उठली. पण 'शिवानी' आणि 'ताई'च्या मध्ये ते किंचित थांबले होते.