एका रांगेत

माझी पोस्टिंग तेव्हा पहाडातल्या फील्ड हॉस्पिटलला होती. मी लष्करातली नर्स, हुद्दा कॅप्टन, गाव घाटंजीकडचं. नाईक पीटर आमचा नर्सिंग असिस्टंट, मुकुटबनकडचा. एवढ्या दूर, बर्फात, आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की कसं वाटतं ते काय सांगू! ड्युटी संपली की आमची वऱ्हाडी सुरू.

दोघंही ख्रिस्ती, पण तो कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. त्यावरून रोज गंमत चालायची.

"मॅडम, तुमच्या पाळकाले बायको असते म्हणते? आमच्या फादरले तर लग्नच करता येत नाही."

"असते ना. म्हणून तर तो टायमावर घरी जाते."

युनिटमध्ये मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च, सगळं एकाच टिनाच्या छपराखाली. रविवारी आम्ही दोघं एकाच सतरंजीवर बसायचो. तो म्हणायचा, "सुट्टीत आमच्या चर्चात या मॅडम. माही माय, मी, तुमी. प्रभुभोजनाले एका रांगेत उभं राहू."

"येईन ना बे. शब्द देते."

एका सकाळी दरड कोसळली आणि जवानांची गाडी दबली. पीटर अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन गेला. वॉर्ड तयार करून मी रेडिओजवळ उभी. रेडिओवर आमचे मोठे साहेब बोलत होते, पलीकडून पीटर.

"दो स्ट्रेचर निकल गए. तीसरा ला रहा हूँ. ओव्हर."

"वापस आओ. ऊपर से पत्थर गिर रहे हैं. ओव्हर."

"पेशंट जिंदा है, सर. ओव्हर."

पीटरनं आणि एका जवानानं तिसरं स्ट्रेचर बाहेर ढकललं. पुढून धरणारा वाचला. मागून पीटर होता. दुसरी दरड त्याच्यावर आली.

दुपारी त्याला आणलं. रस्ता बंद, त्यामुळे फादर येणं शक्य नव्हतं. मी त्याचा चेहरा पुसला, दोन्ही हात छातीवर एकावर एक ठेवले आणि प्रभूची प्रार्थना म्हटली. तिसऱ्या स्ट्रेचरवरचा जवान जगला. त्याचं ड्रेसिंग मीच करत होते.

रिटायर होऊन गावी आले. पीटरच्या आठवणीत त्याच्या चर्चमध्ये दरवर्षी मिस्सा होतो, त्यांचा उपासनाविधी. मागच्या वर्षी गेले. प्रभुभोजनाची, म्हणजे फादरच्या हातून पवित्र भाकर घ्यायची, रांग लागली. पुढं त्याची माय मार्थाबाई, मागं मी. माझी पाळी आली तर फादरनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही कॅथलिक?"

"नाही फादर, प्रोटेस्टंट."

"मग मला देता येत नाही. आमचा नियम आहे. हात छातीवर ठेवा, आशीर्वाद देतो."

खरं सांगते, कान गरम झाले. नियम मला कळतो, सारी उमर नियमातच गेली. पण घरच्या पंगतीतून उठवल्यासारखं वाटलं. पीटरला शब्द दिलेला, आणि मीच रांगेबाहेर! वाटलं, वळावं, चप्पल घालावी, बस पकडावी. हातांना मात्र हुकमाची सवय. ते छातीवर गेले, एकावर एक. आणि मला ते हात ओळखू आले.

बाहेर आल्यावर मार्थाबाईंनी धरलं. "काहून रडून राह्यली वो पोरी? फादर बोलले म्हणून?"

"नाही माय. पीटरचे हात म्या असेच ठेवलते."

गावात पीटरची शवपेटी उघडू दिली नव्हती. मायनं काही पाहिलंच नव्हतं.

"कसे? दाखव मले."

मी पुन्हा ठेवले. तिनं स्वतःचे तसेच ठेवून पाहिले, आणि किती तरी वेळ काढले नाहीत. फादर मागं उभे होते. म्हणाले, "बाई, एक दिवस प्रभूचं टेबल सगळ्यांसाठी एकच होईल. मीही वाट पाहतो." मला त्यांचं खरं वाटलं.

म्हणून यंदा परत गेले. रांगेत पुढं माय, मागं मी, हात छातीवर. मायनं आमच्या दोघींमध्ये जागा सोडायला लावली होती. मागची बाई कुरकुरली, "सरका ना वो पुढं, आत्याबाई. जागा रिकामी हाये."

माय वळून म्हणाली, "रिकामी नाही वो. तिथं माहा पीटर उभा हाये."