पाचवा माणूस

जूचंद्रमध्ये देवाला भिणारे पुष्कळ आहेत, पण दंडसंहितेला भिऊन वागणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहतो. शेजारचे काका तीस वर्षं कोर्टात पट्टेवाले होते. दारात उभं राहून नावं पुकारायची, एवढंच काम. पण आत चाललेलं सगळं त्यांनी कानात साठवलं आणि निवृत्तीनंतर आम्हा गरिबांवर ओतलं. जिन्यात चौघे गप्पा मारत असले की काका पाचव्याला वरच्या पायरीवर थांबवत. "पाच झाले आणि हेतू बिघडला, की बेकायदा जमाव. सहा महिने!" आमचा हेतू मटार कुठे स्वस्त मिळतो एवढाच असायचा. सत्यनारायणाच्या आरतीलासुद्धा ते उंबऱ्याबाहेरून टाळ्या वाजवत. पाण्याची तक्रार घेऊन आम्ही पालिकेत जायचो तेही चौघाचौघांनी, त्यामुळे ती कोणी कधी मनावर घेतली नाही.

यंदा उन्हाळ्यात टँकरपाशी पाइपावरून चौघे हातघाईवर आले. "आमाला पानी पयलं!" अशी ओरड झाली. काका बनियनवरच खाली धावले. "अरे, चौघांची मारामारी म्हणजे फार तर एक महिना, नाहीतर हजार रुपये दंड. पाचवा आला की दंगा होतो, दोन वर्षं!" असं बजावत ते मधे शिरले, आणि तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. हवालदाराने माणसं मोजली. पाच भरली.

जन्मभर इतरांना मोजणाऱ्याने स्वतःला तेवढं धरलं नव्हतं. मला तेव्हा हसू आलं, त्याची आता लाज वाटते. काका जामिनावर घरी आले ते बोलेनासेच होऊन. शिक्षा तोंडपाठ असणं हा केवढा शाप! आम्ही "सुटाल हो" म्हणायचो. बहात्तराव्या वर्षी त्यांना ती दोन वर्षं समोर दिसायची.

पहिल्या तारखेला मी सोबत गेलो. नवा पट्टेवाला पुटपुटल्यासारखं पुकारत होता, कोणालाच ऐकू येईना. काकांना ते सहन झालं नाही. सवयीने उठून ते दारात ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात स्वतःचंच नाव पुकारलं, "हाजिर हो!" मग खांदे पाडून स्वतःच आत गेले.

तेव्हापासून नुसत्या तारखा पडताहेत. खाली टँकर येतो, भांडणं होतात, सगळे एकदा काकांच्या खिडकीकडे बघतात. ती बंद असते. परवा न राहवून मी त्यांचं दार ठोठावलं. म्हटलं, "काका, खाली दहा जण जमलेत. किती वर्षं?"

आतून आवाज आला, "मला धरून, की सोडून?"