बाळंतिणीसाठी मोरी आणायला गेले तेव्हा...

मागच्या बुधवारी सकाळी बेळगावच्या मासळी मार्केटात मी चक्क शार्कसमोर उभी होते. पण त्याआधी माझ्या डोक्याला लागलेला भुंगा सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

लेक ऋतुजा अकरावीत आहे. लहानपणापासून इथल्या पूलमध्ये पोहते, पण समुद्रात कधी उतरली नव्हती. तिच्या सरांनी सांगितलं, पुढच्या रविवारी वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रात पोहायची स्पर्धा आहे, हिला न्या...

नवरा लगेच हो म्हणाला. मी म्हटलं, "बघू."

ते "बघू" चांगलं आठवडाभर चाललं. कारण नेमके त्याच दिवसांत माझ्या मोबाईलवर शार्क यायला लागले. कुठल्या कुठल्या देशातले व्हिडिओ... निळं पाणी, मजेत पोहणारी माणसं आणि त्यांच्या शेजारून निवांत जाणारी ती काळी सावली. एक बघितला की पुढचे दहा आपोआप येतात. ऑफिसात फाईल उघडली तरी डोळ्यांसमोर तो पाठीवरचा तिकोनी पंख. भाजीला दोनदा मीठ घातलं, तेही खाल्लं बिचाऱ्यांनी.

शेवटी ऋतुजाच वैतागली. म्हणाली, "आई, पाणी गरम झालं की बारके मासे जागा बदलतात, त्यांच्या मागं शार्क येतात. काही देशांत त्यांना पकडायला बंदी आहे, तिथं वाढलेत पण. आणि आता वरून ड्रोन फिरतात गं. आधी बघायचं कोण?"

मला पटेना. मग तिनं घरचंच उदाहरण दिलं. कंग्राळीच्या घरी परसात कॅमेरा बसवल्यापासून आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, रोज मुंगूस दिसतं. "म्हणून काय मुंगसं वाढली काय?"

जाता जाता एक गोष्ट बोलून गेली. काही शार्कच्या माद्या पिल्लं घालायला किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येतात. तिथं पिल्लं जरा सुरक्षित असतात म्हणे.

मी म्हटलं, म्हणजे येतातच ना! बास. माझं "बघू" आणखी घट्ट झालं. पोरगी तोंड पाडून आत गेली, आणि मला वाईट वाटलं तरी मी हलले नाही.

याच गडबडीत धाकटी जाऊ सविता बाळंत होऊन घरी आलेली. आत्तींचं माहेर कोकणात, सावंतवाडीकडं. लग्न होऊन इकडं आल्या, पण तिकडची एक रीत सोडली नाही. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी माशाचं कालवण घालायचं.

"मार्केटातनं मोरी आण गं," त्यांनी मला फर्मावलं. "तुला बी तेच घातलं व्हतं की मी. त्याच्या जोरावर तर पोरगी आता पवतीया!"

आमच्या माहेरी नदीचा मासा सोडून काही माहीत नाही. मोरी म्हणजे माझ्यासाठी सोललेले, पांढरे, काटा नसलेले तुकडे. नेहमी नवरा कापून, धुऊन आणायचा. त्या दिवशी तो गावाला गेलेला, म्हणून मी गेले.

मासळीवाल्या मावशींना म्हटलं, मोरी आहे का?

"बाळंतिणीला व्हय? मग ही घ्या. बारकी हाय, कवळी."

त्यांनी बर्फातून एक पिल्लू काढून फरशीवर ठेवलं. हातभर लांब. तोंड खालच्या बाजूला, कातडी राखाडी... आणि पाठीवर तो तिकोनी पंख. आठवडाभर ज्यानं माझी झोप उडवली होती, तोच. माझ्या तळहाताएवढासुद्धा नव्हता.

"हा... शार्क आहे?"

"मोरी हाय की ताई. सोलून देऊ?"

 किनाऱ्याला त्या बाळंतपणाला येतात, हे ऋतुजाचं बोलणं कानात घुमायला लागलं. तिथली पिल्लं उचलून आमच्या बाळंतिणीच्या ताटात... आणि घाबरून बसलेय कोण, तर मी! स्वतः हेच खाऊन लेकीला पाजलेली बाई. इतकी लाज वाटली की काय सांगू.

बांगडे घेतले आणि वाटेत शेपूची जुडी. घरी आत्तींना सांगितलं, मोरी नाही मिळाली. खोटंच.

त्यांनी उसासा टाकला. "आता पूर्वीगत येतच न्हाय मेली."

म्हणजे समुद्रातच कमी झाल्यात, आणि मी त्यांनाच भीत बसलेले. त्याच संध्याकाळी ऋतुजाला म्हटलं, "रविवारी जायचं."

आता फार शहाणी झाले असं समजू नका. रविवारी किनाऱ्यावर माझा जीव टांगणीलाच होता. एवढ्या रंगीत टोप्यांत आपली कुठली, तेही कळेना. प्रत्येक लाटेत मला पंख दिसत होता... नवरा चहा घेऊन आला, तो तसाच गार झाला.

मग एक पिवळी टोपी वाळूपर्यंत आली, उभी राहिली, धापा टाकत माझ्याकडं चालायला लागली. मी साडीसकट गुडघाभर पाण्यात गेले. नंबर कितवा आला ते विचारायचंही सुचलं नाही.

"आई, काहीच दिसलं नाही गं," ती म्हणाली. जरा हिरमुसूनच.

आठवडाभर हेच ऐकायला तर तरसले होते मी. पण ऐकलं आणि आत्तींचा तो उसासा आठवला... आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं.

निघताना वाकून पाण्याला हात लावला, नमस्कार केला. माझी पोर जशीच्या तशी परत दिलीस रे बाबा... तुझी पोरं आम्ही परत देत नाही, तरीसुद्धा.