सायलोसिनचा एस्टर

लेकीनं नेलपॉलिश काढायची बाटली उघडली आणि त्यातल्या एस्टर जातीच्या रसायनाच्या गोडसर वासानं मी चंदीगडच्या प्रयोगशाळेत पोचले. पंजाबातल्या दहशतीची ती वर्षं. मी सांगलीहून संशोधनाला आलेली, आणि शेजारच्या टेबलावर गुरदासपूरकडचा एक मुलगा. भ्रम आणणाऱ्या अळंबीतल्या द्रव्यांवर आम्हाला मिळून व्याख्यान द्यायचं होतं. "नाम मत रटो, यार," तो हसून म्हणाला, "सायलोसायबिन मतलब सायलोसिन का फॉस्फेट एस्टर. शरीर में फॉस्फेट टूटा, तो बचा सायलोसिन." त्याच आठवड्यात तो गावी निघाला. वाटेत अतिरेक्यांनी बस अडवली आणि मारल्या गेलेल्यांत तोही होता. त्याचं सामान न्यायला वडील आले. "बेटी, मेरा पुत्तर यहाँ क्या पढ़ता था? उसकी माँ पूछती है." मी 'सायलोसायबिन' हे नाव सांगितलं. "फिर से बोलो," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, तोडून तोडून. त्यांचे ओठ हलले, पण शब्द जुळेना. "रहने दे, बेटी," म्हणत त्यांनी ट्रंक उचलली आणि ते निघून गेले. पुढं हा एस्टर मी कितीतरी वर्गांना शिकवला; त्या आईला तो कधीच कळला नसेल.