पायवाल्या ताईंचा फोरम

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, प्लास्टरच्या धुळीने पांढऱ्या पडलेल्या खोलीत त्या कृत्रिम पाय बनवायच्या. सगळे त्यांना पायवाल्या ताई म्हणत. बारा वर्षांपूर्वी त्यांनी इंटरनेटवर एक फोरम सुरू केला. पाय गमावलेली माणसं तिथे एकमेकांना विचारायची: कृत्रिम पायाच्या आत खुंटावर मोजे किती घालायचे, जिना उतरताना आधी कुठला पाय टाकायचा. कुणी ना कुणी उत्तर द्यायचंच.

पुढे तिथे जाहिरातींचं रान माजलं. खोट्या नावांनी हजारो घुसले. एका प्रश्नाखाली चाळीस लिंका. जुनी मंडळी कंटाळून पांगली. ताईंना कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. त्यांनीही काणाडोळा केला.

एक दिवस त्यांच्याकडूनच पाय बसवून घेतलेले, बसचे निवृत्त ड्रायव्हर आले; सगळे त्यांना काका म्हणत. पाय उतरवला तर आत जखम चिघळलेली.

"हे काय लावलंत?"

"तुम्हीच सांगितलेलं तेल. मोबाइलवर शोधलं की पहिलं तेच येतं."

ताईंनी ते पान वाचलं आणि त्या गारच पडल्या. वाक्यं त्यांचीच होती, फोरमवरून उचललेली. मध्येच कुणीतरी तेलाची बाटली घुसडली होती.

"बंद कर तो फोरम," ताईंची धाकटी बहीण म्हणाली. "नसती ब्याद!"

"बंद केला तर लोकांना फक्त तेलवालाच सापडेल. मी नाही हटणार."

त्यांनी नवी नोंदणी थांबवली. रोज सकाळी कामाआधी तासभर बसून एकेक खोटं खातं उडवलं. पाच महिने लागले. नऊ हजारांतली तीनशे बारा माणसं खरी निघाली. तेलाच्या पानाविरुद्ध तक्रारी केल्या, पण एक उतरलं की दुसरं उगवायचं. शेवटी लोक मोबाइलवर शोधून फोरमपर्यंत पोचतील, यावर ताईंनी विसंबणंच सोडलं. फोरमचा पत्ता छापलेलं कार्ड प्रत्येक नव्या पायासोबत द्यायला लागल्या, दुसऱ्या रुग्णालयांतल्या कारागिरांनाही गठ्ठे पाठवले. नोंदणी पुन्हा उघडली, पण नव्या सभासदाला घेण्याआधी फोन करून खात्री करायची, असं ठरलं. जखम भरेपर्यंत घरी बसलेल्या काकांनी ते काम मागून घेतलं.

एकाला त्यांनी विचारलं, "कुठला पाय गेलाय तुमचा?"

"गेलाय कुठे? आहे की इथेच!"

काका हसत सुटले आणि ताईंना सांगायला खोलीवर आले.

"बरं, आज खरे किती?" ताईंनी विचारलं.

"दोन. एकाच्या प्रश्नाचं उत्तर मीच दिलं. दुसरी म्हणते, मला पळायचंय. तिचं तुम्हीच बघा."

ताईंनी हात पुसले आणि फोन घेतला.