काठी आपटत फिरू नये

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. अडतीस वर्षं त्याने पाट्या रंगवल्या होत्या. दवाखान्यांच्या, वकिलांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. छापील फलक आले तसं काम आटलं, पण अगदीच थांबलं नाही. कुणाला उन्हापावसात टिकणारी पत्र्याची पाटी हवी असली की कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला चिठ्ठीवर मजकूर लिहून घ्यायचा आणि जाता येता ती पेंटरच्या खिडकीत टाकायचा. पाटी कुणाची, कशासाठी, हे पेंटरने जन्मात कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? न्हाव्याने डोकं कुणाचं ते विचारत बसावं का?

शेजारी राहायचा कंडक्टर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, तरी कंडक्टरच. आता बघा, ज्या माणसाने बत्तीस वर्षं भरल्या बसमध्ये 'पुढे सरका, पुढे रिकामंच आहे' म्हणत लोकांना एकमेकांच्या अंगावर ढकललं, त्याला म्हातारपणी चार फुटांचा बोळ पुरेना. दोन घरांच्या मधला हा बोळ. कुणाचा, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यात एक गटार होतं, दोन घरांचे पाण्याचे नळ होते आणि कंडक्टरच्या भिंतीला लागून एक लिंबाचं झाड होतं. कंडक्टरला मूलबाळ नव्हतं, बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. रिटायर झाल्यावर त्याने हे झाड लावलं आणि रोज सकाळी उठून तो त्याची लिंबं मोजायचा.

आणि त्या बोळात पेंटरची बायको चालायची. दोन वर्षांपूर्वी तिचं डावं अंग गेलं होतं. बोलणं परत आलं, हात अर्धामुर्धा आला, पाय मात्र रोज समजूत काढून चालवावा लागायचा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "चालत राहिल्या तर पाय राहील. बसल्या की गेला." घरात चालायला जागा कुठली, दोन खोल्या आणि त्यातली एक रंगाच्या डब्यांनी भरलेली. बाहेर रस्त्यावर गाड्या. म्हणून बोळ. जाताना उजवा हात आपल्या भिंतीला लावायचा, येताना कंडक्टरच्या भिंतीला. रोज दुपारी पेंटरचा डोळा लागला की बाई बाहेर. वीस फेऱ्या. कंडक्टर खिडकीतून म्हणायचा, "वहिनी, आज दोन फेऱ्या कमी झाल्या, मी मोजतोय." ती हसायची.

मग ते लिंबाचं झाड वाळलं.

दोष पेंटरचाच होता, उगाच कशाला लपवायचं? तो ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायचा आणि ते पाणी गटारात ओतायचा. गटार तुंबलं होतं, पाणी झाडाच्या मुळाशी मुरत राहिलं. पंधरा दिवसांत पानं पिवळी, महिन्यात काटक्या. कंडक्टर दारात येऊन उभा राहिला तेव्हा पेंटर एका अक्षराची वेलांटी ओढत होता. वेलांटी अर्ध्यावर सोडता येत नाही. मान वर न करता तो म्हणाला, "झाडं काय हो, वाळतातच."

संपलं. एवढं एक वाक्य त्याने गिळलं असतं तर पुढचं विकतचं दुखणं टळलं असतं. पण जीभ हा ब्रश नव्हे, ती धरायची सवय त्याला नव्हती.

चार दिवसांत बोळाच्या मधोमध लोखंडी खांब उभे राहिले आणि त्यावर पुरुषभर उंचीचे पत्रे. पेंटर मोजणीच्या कचेरीत गेला, दोन महिने खेटे घातले, तेव्हा कुठे एक माणूस टेप घेऊन आला. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, मधली रेघ इथून जाते. पत्रे त्यांच्याच बाजूला आहेत. उलट त्यांनी तुम्हाला चार बोटं जास्त सोडलीत." म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पेंटरने त्या माणसाला दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन खाटेवर नुसता बसून राहिला. वय बासष्ट. भांडायचं म्हटलं तरी आधी उठून उभं राहावं लागतं, आणि त्याच्याने उठवत नव्हतं.

खरी पंचाईत बाईची झाली. जाताना भिंत होती. येताना पत्रा, त्याच्या कडा धारदार, हात लावायची सोय नाही. म्हणून काठी आली. बोळ उरला दोन फूट. दर दोन पावलांना काठीचं टोक फरशीवर ठक आणि पत्र्यावर ठण्. वीस फेऱ्या म्हणजे किती ठण् होतात ते पलीकडे दुपारी आडवा झालेल्या माणसाला विचारा. पत्रा त्यानेच लावलेला, आवाज त्याच्याच पत्र्याचा, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

त्याच सुमारास हार्डवेअरवाल्याने खिडकीत एक चिठ्ठी टाकली. चार पाट्या, पिवळ्यावर काळं, उठावदार.

इथे पेंटर लोकांची एक गोष्ट सांगायला हवी. पेंटर मजकूर वाचत नाही. तो अक्षरं मोजतो. ओळीत किती मावतात, कुठल्या अक्षराचं पोट मोठं, कुठे काना दाटीवाटीने बसेल, एवढंच त्याला दिसतं. चार पाट्या शेजारी मांडायच्या, चारींच्या शिरोरेघा आधी ओढायच्या, मग सगळी अक्षरं खाली टांगत जायची. वाचायचं काम बायकोचं होतं. पाटी घराबाहेर पडण्याआधी ती मोठ्याने वाचायची, चूक असेल तर सापडायची. दुखण्यानंतर पेंटरने तिला ते काम लावणं सोडलं. उगाच त्रास कशाला द्यायचा. चौथ्या पाटीत 'काठी' आलं तेव्हा त्याच्या मनात येऊन गेलं, कुठल्या तरी राखणदारासाठी असेल. 'ठी'ची गोलाई मात्र फार सुरेख उतरली, म्हणून तो दोन मिनिटं लांब उभा राहून बघत बसला. मग नेहमीसारखी चारही पाट्यांच्या कोपऱ्यात बारीक सही ठोकली.

दोन दिवसांनी सकाळी पाट्या पत्र्याच्या वरच्या कडेला तारेने अडकवलेल्या, तोंडं सगळी पेंटरच्या घराकडे.

'परवानगीशिवाय पलीकडे येऊ नये.' 'इकडे घाण पाणी सोडू नये.' 'पत्र्याला हात लावू नये.' आणि शेवटची, 'दुपारी काठी आपटत फिरू नये.'

पेंटर तोंड धुवायला नळावर आला होता. तोंडात ब्रश तसाच राहिला. स्वतःचं अक्षर माणूस पन्नास पावलांवरून ओळखतो, इथे तर दोन फुटांवर होतं. बायको अजून उठलेली नव्हती. निदान ती चौथी काढून टाकावी म्हणून त्याने हात वर केला, तर शेजारची पाटी डोळ्यापुढे आली, पत्र्याला हात लावू नये, आणि पत्र्यापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. हात खाली आला.

दुपारी बाई बाहेर पडली. पेंटर आत डोळे मिटून पडला होता, पण जागा होता. ठक झालं. ठण् झालं. मग काहीच झालं नाही. बऱ्याच वेळाने ती आत आली, काठी कोपऱ्यात ठेवली आणि खाटेच्या कडेला बसली.

"अहो."

"हं."

"तुम्हालाही त्रास होतो का हो माझ्या काठीचा?"

पेंटर ताडकन उठून बसला. "अगं, वेडी का काय तू! चिठ्ठी आली, मी रंगवली. मला काय माहीत कुणाची? न वाचता रंगवतो मी, तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "असंच झालं असेल."

पण दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पेंटरने परोपरीने सांगितलं, विनवलं, एकदा ओरडलादेखील. ती म्हणायची, "आज नको, अंग जड आहे." रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. काठीच्या टोकाला तिने चिंधी बांधून बघितली, तर काठी सरकायला लागली. तेही सोडलं. लेकीचा फोन आला, "बाबा, सरळ तक्रार करा ना पोलिसात." काय तक्रार करणार? साहेब, मी पाटी रंगवली ती माझ्याच दारात लागली? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

महिना असाच गेला. एका सकाळी बायकोला न्हाणीघरात नेताना पेंटरच्या लक्षात आलं, तिचा डावा पाय फरशीवरून नुसता ओढला जातोय. तिला बसवून तो तसाच बाहेर पडला, रस्त्याने वळसा घालून कंडक्टरच्या दाराशी गेला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

कंडक्टरने दार उघडलं. बनियनवर होता. म्हणाला, "काही बोलायचं काम नाही. जागा माझी. पाट्या तुमच्या हातच्या, सही आहे खाली."

"आहे," पेंटर म्हणाला. "पत्रे काढा म्हणून आलो नाही. फक्त ती काठीची पाटी उतरवा. त्याच्या जागी दुसरी देतो. मला शिव्या द्या, कंडक्टर. हव्या तेवढ्या द्या. चांगल्या मोठ्या अक्षरांत लिहून देतो. पण तिला नको."

त्याने खिशातून कागद पेन्सिल काढली आणि गिऱ्हाइकापुढे उभं राहावं तसा उभा राहिला. "सांगा मजकूर."

आयुष्यभर माणूस चिठ्ठीतून शिव्या देईल, पत्र्याआडून देईल, पण समोरचा पेन्सिल घेऊन उतरवून घ्यायला उभा राहिला तर जीभ वळायची कशी? त्याने दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "लिहा. पेंटरने माझं लिंबाचं झाड मारलं." थोडं थांबून म्हणाला, "एवढंच."

पेंटर घरी आला आणि त्याच दिवशी पाटी करायला घेतली. ही एकच पाटी होती, त्यामुळे नुसती अक्षरं मोजत राहता येईना. पें, ट, र. अक्षरं नेहमीची, हातातली, पण आज प्रत्येक अक्षर आधी वाचलं जात होतं आणि मग रंगवलं जात होतं. 'मारलं'पाशी येऊन त्याचा हात अडला. रंग वाळायला ठेवला तेव्हा खाटेवरून बायकोने ती मोठ्याने वाचली.

"खरं आहे का हो हे?"

"खरं आहे."

"मग चुकलं म्हणालात का कधी त्यांना?"

कचेरीत दोन महिने खेटे घालून झाले होते, मोजणी झाली होती, लेकीशी, हार्डवेअरवाल्याशी, अख्ख्या गल्लीशी बोलून झालं होतं. हे तेवढं राहिलं होतं. पेंटर उठला, बोळात गेला. एवढ्याशा वाक्यासाठी पुन्हा रस्त्याने वळसा घालायचं त्याच्या अंगात बळ नव्हतं, म्हणून पत्र्याजवळ तोंड नेऊन म्हणाला, "कंडक्टर, आहात का? चुकलं माझं. झाडाचं. पाणी मीच टाकत होतो. आणि वर बोललो ते तर फारच वाईट."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग वरच्या कडेवर दोन बोटं दिसली. त्यांनी तार सोडवली आणि काठीची पाटी पलीकडे ओढून घेतली. कंडक्टरचा आवाज आला. "नवी पाटी राहू द्या तुमच्याकडेच. वहिनींना म्हणावं, चाला. मला दुपारी झोप कुठे येते? आता तर एकदम सामसूम असते, तरीही येत नाही."

पेंटर जवळजवळ धावतच आत आला. बायकोला दोन्ही हातांनी उभं केलं, काठी दिली, उंबरा ओलांडून दिला. ती खूश दिसत होती. पदर खोचून, मान ताठ करून निघाली. ठक. ठण्. ठक. चौथं पाऊल टाकताना डावा पाय मागेच राहिला. तिने मांडीला हात लावून तो ओढला. पुन्हा ओढला. पाय परक्याचा असल्यासारखा फरशीला चिकटून बसला होता. पेंटरने तिला मागून धरलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. डॉक्टरांचं म्हणणं दोघांनाही तोंडपाठ होतं.

पलीकडून कंडक्टरने हाक मारली. "का थांबल्या वहिनी? चाला, चाला. खरंच सांगतो, मला काही त्रास नाही."

पेंटरच्या तोंडाशी सगळं आलं, एका महिन्याचं. तो बोलणार एवढ्यात तिने त्याचं मनगट घट्ट दाबलं आणि मान हलवली.

"दमले हो भाऊजी," ती पत्र्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "उद्या चालते."

"नक्की बरं का," तिकडून आवाज आला. "मी मोजणार आहे."

"मोजा की," ती म्हणाली, आणि पेंटरने तिला उचलून आत आणलं.